सुई खाली ठेवा

माझा डावा हात मागे जायचा, आणि मागे वळून बघायची गरज मला कधी पडायची नाही. त्या काळातली ही माझी फुशारकी. सकाळी इंजेक्शनच्या खोलीत रांग लागायची. उजव्या हाताने मी सुई टोचायचे, कापूस दाबायचे, 'चोळा' म्हणायचे, आणि तोवर वापरलेली सिरिंज सुईसकट डाव्या हाताने मागे गेलेली असायची. मागे मावशी उभी असायची. तिच्या तळहातावर सिरिंज पडली की ती बोटांनी सुई उपसून पाण्याच्या वाडग्यात टाकायची. तेवढ्यात मी पुढच्या माणसाचा दंड धरलेला असायचा. "सिस्टरचा हात म्हंजी मशीन हाय," असं रांगेतले लोक म्हणायचे, आणि मी ऐकलं नाही असं दाखवून सगळं ऐकायचे.

इस्लामपूरपासून एसटीने तासाभरावर आमचा छोटा सरकारी दवाखाना होता. सगळा उसाचा मुलूख. तिथल्या माणसांचा गोळीवर काडीचा विश्वास नव्हता. "गोळीनं काय हुतंय? सुई टोचा," हे पालुपद. ज्याला सुई मिळाली नाही, तो डॉक्टरांना नावं ठेवत घरी जायचा. फौजेतून निवृत्त झालेले तर दारातूनच बाही वर करून यायचे. मी साताऱ्याकडची, सुभेदाराची मुलगी. शिस्त मला घरून मिळाली होती आणि रागही घरूनच मिळाला होता. वडील म्हणायचे, "कामात हात आन् तोंड एकदम चालवायचं न्हाई." त्यातलं अर्धंच मला जमलं.

आता सुई एकदा वापरून फेकतात. तेव्हा सिरिंज काचेची, सुई पोलादाची, आणि तीच ती सुई महिनोन् महिने चालायची. रांग संपली की मावशी वाडगा घेऊन मागच्या पडवीत बसायची. लालसर पाणी, त्यात कापसाचे बोळे आणि त्यांच्या आत कुठेतरी सुया. ती बोटांनी चाचपून एकेक काढायची, बारीक तार घालून भोक मोकळं करायची, दगडावर तेल टाकून धार लावायची. मग टोक कापसावरून ओढून बघायचं. कापूस अडकला तर पुन्हा दगड. शेवटी उकळायला. ते उकळणं मात्र मी स्वतः घड्याळ समोर ठेवून बघायचे. पेशंटला कशाची बाधा होता कामा नये, याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नव्हते.

त्या पहिल्या मावशीची बोटं मला अजून दिसतात. टोकांना बारीक काळे ठिपके, काही जुने, काही कालचे. सुई टोचली की ती बोट तोंडात घालायची आणि पुढची सुई शोधायची. "मावशी, जपून," मी म्हणायचे. "चावत्यातच की त्या," ती म्हणायची. एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. एका उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. पाणी बाधलं, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. तिने आधी गावातल्या वैदूचा पाला घेतला, मग घरच्यांनी तिला सांगलीला नेलं, आणि तिथून ती परत आली नाही. आम्ही सगळ्या तिच्या दारी जाऊन आलो. विहिरीत औषध टाकून घ्या, असं तिच्या घरच्यांना बजावूनही आलो.

महिन्याभराने तिच्या जागी नवी बाई आली. ही आटपाडीकडची, दुष्काळी पट्ट्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा आधीच गेला होता. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरंही गेली, मग हिने दुष्काळी कामावर खडी फोडली आणि नात्यातल्या कुणाच्या तरी आधाराने या पाण्याच्या मुलखात आली. उंच, हाडापेराने मजबूत, पंचेचाळिशीची असेल. नेमणूक हंगामी होती. कायम झाली तर दवाखान्यामागची एक खोली तिला मिळणार होती, आणि गावाकडे एकटी पडलेली आंधळी सासू तिला इकडे आणता येणार होती. कामावर रुजू झाल्या झाल्या तिने हे मला सांगून टाकलं. पुढे ती जे काही बोलायची, त्याच्या शेवटी सासू असायचीच.

पहिल्याच सकाळी माझा डावा हात मागे गेला आणि तसाच राहिला. सिरिंज कुणी घेईना.

"मावशी, घ्या की!"

"आवं सिस्टरबाई, सुई आशी हातात देऊ नगा. खाली ठेवा, मी उचलती."

"का?"

"हातातनं हातात सुई दिली की भांडान लागतंय."

रांग हसली. पुढ्यातले म्हातारबा म्हणाले, "खरं हाय त्ये. मीठ, मिरची आन् सुई, हातात देऊ न्हाई." मी त्यांना बाही वर करायला सांगितली.

"मावशी, तुम्ही हात पुढे केला नाहीत तर भांडण आत्ताच लागेल," मी म्हणाले.

"म्हून तर म्हनती, खाली ठेवा."

आता हे आठवून हसू येतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या मागे रिकामा ट्रे धरून उभी राहिली. माझ्या हाताला तळवा सापडायची सवय. तो ट्रेच्या कडेला आपटला आणि सिरिंज फरशीवर पडून फुटली. मी तिला नाही नाही ते बोलले. तिने खाली बसून फडक्याने काचा गोळा केल्या, पण हात काही पुढे केला नाही. मग ट्रे माझ्या उजवीकडच्या स्टुलावर आला. आता मला दर वेळी मान वळवून, बघून सिरिंज ठेवावी लागे. रांग रेंगाळायला लागली. आमचे डॉक्टर तरुण होते, घाईचे होते. जाता जाता म्हणाले, "काय सिस्टर, मशीन बिघडलं वाटतं?" ते मला फार झोंबलं.

त्याच सुमाराला हंगामी माणसांबद्दलचा कागद माझ्याकडे आला. कायम करण्यास योग्य आहे किंवा नाही, याचा शेरा मारायचा होता. मी टेबलाशी बसले आणि एका दमात लिहिलं: हुकूम मानत नाही, अंधश्रद्धाळू आहे, योग्य नाही. सही केली. तेवढ्यात ती चहा घेऊन आली. चहा मात्र तिने माझ्या हातात दिला. "दमलासा," म्हणाली. मी कागद उलटा करून ठेवला आणि चहा प्यायले.

कागद सांगलीला गेला, आणि त्याच्या पुढच्या सोमवारी ती कडब्याची पेंडी काखेत मारून कामावर आली. पडवीत बसून तिने धाटं सोलली, आतलं पांढरं भेंड काढलं, त्याचे वीतभर तुकडे दोऱ्याने शेजारी शेजारी बांधले आणि ट्रेमध्ये घट्ट बसवले. आमच्याकडे त्या भेंडाच्या पोरं बैलगाड्या करतात.

राग आला की माझी गावाकडची बोली बाहेर पडते. "मावशी, ह्यो दवाखाना हाय का गोठा?"

"ट्रेमधल्या सुया कापसात दडत्यात, सिस्टरबाई. मला आजून टोचली न्हाई, पर एक दिस टोचंल. आमी घोंगडं शिवायचं दाभण आसंच भेंडात खुपसून ठिवतो. वाड्यावर पोरंबाळं आसत्यात, कुनाच्या पायात जात न्हाई. तुमी ह्यात खुपसा आन् पिरगाळा."

वाडा म्हणजे तिच्या लेखी मेंढरांचा, रानातला. मी खुपसून पिरगाळलं, ते निव्वळ हे जमत नाही हे तिला दाखवायला. सुई भेंडात ताठ उभी राहिली आणि सिरिंज अलगद सुटून माझ्या हातात आली. सुईला कुणाचं बोट लागलं नव्हतं. तिचंही नाही, माझंही नाही. मावशीने चिमट्याने सुई उपसली आणि पाण्यात सोडली. रांगेतला एक फौजी म्हणाला, "वा गड्या!" बरं आहे, एवढं म्हणायलासुद्धा माझी जीभ वळली नाही.

आठवड्याभरात माझा हात पुन्हा पहिल्यासारखा चालायला लागला. खुपसायचं, पिरगाळायचं, पुढे. डॉक्टरांचं मशीन दुरुस्त झालं. पण माझा तो शेरा सांगलीच्या कुठल्यातरी फायलीत बसला होता आणि मला तो माहीत होता. संध्याकाळी मावशी दवाखान्यामागच्या त्या रिकाम्या खोलीसमोर उभी राहून आत डोकावायची. "हितं बाज बसंल," म्हणायची, "आन् हितनं म्हातारीला दाराचा वारा लागंल." मी मान हलवायचे. कागद एकदा गेला तो गेला, आता आपल्या हातात काय आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. सुभेदाराची मुलगी, आणि एक 'चुकलं' म्हणायला घाबरत होते.

मग जिल्ह्याहून तपासणी आली. वयस्कर डॉक्टर, जाड भिंगाचा चष्मा, आवाज हळू. त्यांच्या काखेत फाईल होती. ते सरळ इंजेक्शनच्या खोलीत आले आणि कोपऱ्यात उभे राहून बघत राहिले. मी एकामागून एक टोचत होते, भेंडात खुपसत होते. आमचे डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "सर, ते धाट-बिट आजच काढून टाकतो."

"थांबा," ते म्हणाले. ट्रेजवळ वाकून त्यांनी बघितलं. "हे कुणी केलं?"

मावशी पुढे आली, पदर नीट केला. "मी, सायेब."

"सुया कोण धुतं?"

"मीच."

"हात दाखवा बघू."

तिने दोन्ही हात पुढे केले. खडी फोडून पडलेले घट्टे होते, पण बोटांची टोकं स्वच्छ होती. त्यांनी एकेक बोट निरखून बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"सिस्टर, यांच्या आधी या कामावर कोण होतं?"

मी सांगितलं.

"त्या कुठे असतात आता?"

"वारल्या. कावीळ झाली होती."

"त्यांचे हात कसे होते?"

मला ते काळे ठिपके दिसले, तोंडात घातलेलं बोट दिसलं.

त्यांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही सुया किती वेळ उकळता?" मी सांगितलं. ते मला झोपेतही सांगता आलं असतं.

"कुणासाठी उकळता?"

"पेशंटसाठी."

"आणि उकळायच्या आधी त्या कुणाच्या हातात असतात?"

मग ते म्हणाले, रक्त लागलेल्या सुईतून कावीळ जाते, हे आमच्या पुस्तकांत आहे. त्या बाईंना यातूनच झाली असं मी म्हणणार नाही, पाण्यातूनही झाली असेल. पण विहिरीत औषध टाकायला सांगितलं असेल ना? तसं या वाडग्याकडे कुणी बघितलं का? आमचे डॉक्टर खाली बघत होते. मीही खाली बघत होते. मेलेल्या बाईच्या तळहातावर वर्षानुवर्षं कुणी सुया टाकल्या होत्या, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी फाईल उघडली. एक कागद काढून वाचला, तोही मोठ्याने. हुकूम मानत नाही. अंधश्रद्धाळू आहे. योग्य नाही. मावशीला शब्द कळले असतील-नसतील, पण कागद तिच्याबद्दल आहे आणि चांगला नाही, हे कळलं. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मागच्या त्या रिकाम्या खोलीच्या दारात उभी राहून आत बघायची तसं.

"साहेब, तो शेरा माझा आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तो चुकीचा आहे. मला परत द्या."

"शेरा परत देता येत नाही, सिस्टर."

"मग दुसरा लिहून घ्या."

त्यांनी त्याच कागदाच्या खाली बोट ठेवलं. मी रांगेसमोर, उभ्याउभ्या लिहिलं. माझा हात इतका सावकाश कधी चालला नव्हता. आधीचा शेरा मी अज्ञानातून दिला होता. या बाईने वापरलेली सुई हातात घ्यायला नकार दिला, तो बरोबर होता. मी देत होते, ते चूक होतं. या बाईची दवाखान्याला गरज आहे. खाली सही केली आणि कागद त्यांना दिला. ते म्हणाले, "बघतो. माझ्या एकट्याच्या हातात नाही." जाता जाता एवढंच सांगून गेले की सुया आधी सोड्याच्या पाण्यात बुडवा, मग एकदा उकळा, आणि मगच धार लावायला हातात घ्या. धार लावून झाल्यावर पुन्हा उकळायच्या, ते वेगळं.

रांग संपल्यावर मी पडवीत गेले. ती धाटं सोलत होती.

"मावशी, रागावलात?"

"आवं, सुई हातात घेतली आसती तर भांडान लागलं आसतं. घेतलीच न्हाई, तर कशाला लागंल?" असं म्हणून ती हसली. मला मात्र रडू आलं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि पहिल्या मावशीसाठी, तिच्या मरणानंतर इतक्या महिन्यांनी, पहिल्यांदा रडले.

त्यानंतर आमच्या दवाखान्याला त्या एका नियमाचं वेडच लागलं. कंपाउंडरने पुठ्ठ्यावर 'सुई खाली ठेवा' असं निळ्या शाईने लिहून भिंतीला लावलं. बाळंतपणाच्या खोलीत टाके घालताना डॉक्टर स्वतः सुई ट्रेमध्ये ठेवायचे आणि 'ठेवली' असं मोठ्याने म्हणायचे, मग दुसरी बाई हात घालायची. बाळंतीण घरी जाताना तिचा बाप पेढ्यांबरोबर चांगली जाड धाटं आणून द्यायचा. वापरलेलं भेंड बंबात जळायचं, दुसऱ्या दिवशी नवं. शेजारच्या दवाखान्यातल्या सिस्टर बघायला आल्या, तेव्हा त्यांना मी दाखवलं नाही, मावशीला पुढे केलं. कुणालाच पुन्हा कधी टोचली नाही, असं मी म्हणणार नाही. एकदा घाईत माझ्याच अंगठ्यात गेली. तेव्हा मावशीने अख्ख्या रांगेसमोर मला असं झापलं की माझ्या सुभेदार वडिलांची आठवण झाली. अंगठा साबणाने धुताना मला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त तिचा अभिमान वाटत होता.

पण सांगलीहून कागद येत नव्हता. पावसाळा गेला, गळीत हंगाम सुरू झाला, रस्ते उसाच्या गाड्यांनी भरले. ती संध्याकाळी खोलीपाशी उभी राहायची, पण बाजेबद्दल बोलायची बंद झाली होती. मी एकदा रजा काढून सांगलीला जाऊन आले. तिथे मला तीन टेबलं फिरवलं आणि 'कळवू' म्हणाले. मी तिथेही भांडले. तिथे सुई नव्हती, तरी.

आणि एका सकाळी, रांग ऐन भरात असताना, कारकून कागद घेऊन दारात उभा राहिला. नेमणूक कायम. मी हातातलं इंजेक्शन पुरं केलं, सुई भेंडात खुपसली, मग ओरडले. डॉक्टर आले, कंपाउंडर आला. कारकुनाने कागद टेबलावर पसरला आणि शाईची डबी उघडली. "अंगठा द्या, मावशी."

"पेन द्या," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. आल्यापासून ती मला बाटल्यांवरची अक्षरं विचारत होती. हे कोणतं, ते कोणतं. औषधं नीट ठेवायला विचारते, असं मी धरून चालले होते. कारकुनाने खिशातून शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि निब तिच्याकडे करून पुढे धरलं.

"खाली ठेवा, सायेब."

कारकुनाला काही कळेना. रांगेत कुणीतरी खुदखुदलं.

"ठेवा खाली," मी म्हणाले. "आमच्याकडे तीच पद्धत आहे."

त्याने पेन टेबलावर ठेवलं. तिने ते उचललं आणि वाकून, एकेक अक्षर जोडत, आपलं नाव लिहिलं. एक काना वाकडा गेला. माझ्या आयुष्यात मी स्वतःच्या कशाचाही इतका अभिमान बाळगलेला नाही.

दुसऱ्या दिवशी ती रजा टाकून सासूला आणायला गेली. तिच्या जागी चार दिवसांसाठी दुसरी एक बाई दिली होती. रांग लागली. पहिला दंड, सुई, कापूस. मागे काहीतरी हललं, म्हणून मी वळून बघितलं. ती बाई तळहात पसरून उभी होती.

"हात मागे घ्या," मी म्हणाले. "सुई हातात द्यायची नसते. खाली ठेवायची असते."

"का वो सिस्टर?"

"भांडण लागतं."

रांगेतली माणसं हसली. पहिल्या मावशीच्या हातांबद्दल मी तिला दुपारी, रांग संपल्यावर सांगितलं.